पोटाच्या उंचीवर

गर्लगुंजीच्या खालच्या अंगाला, जिथं भाताची खाचरं
एप्रिलात विटांची होतात,
तिथं साडेअकराला मी तिपाई उभी केली.
एक पारा सुका.
एक ओला, मलमलीची वात नेसलेला.
आणि एक तांब्याचा गोळा, आतून पोकळ, वरून काजळाचा;
वाकून बघितलं तरी त्यात तोंड दिसत नाही.

सातेरी चिखल तुडवता तुडवता थांबला.
"काय मोजूलालास गा?"
ऊन, म्हटलं.
"मग वर बघ की. हितं खाली काय गावलंय तुला?"

नुसतं ऊन नव्हे, म्हटलं. ऊन, वारा, हवेतली ओल,
सगळं मिळून अंगाला किती लागतं, ते.
दहा वाटे करायचे.
एक सुक्या पाऱ्याला, दोन गोळ्याला,
सात त्या ओल्या वातीला.
"ओल्याला सात?"
घाम वाळतो तोवर माणूस तरतो.
हवाच घाम घेईनाशी झाली, की मग कठीण.
त्यानं पाठीवर हात फिरवला, तळवा बघितला,
वाटणीत पहिल्यांदाच थोरला हिस्सा
आपल्याकडं आल्यासारखा.

सव्वीस. बावन्न. अडतीस.
वाटे घालून बत्तीस पूर्णांक चार.
तक्ता म्हणतो, काम जड असेल तर
तासातली पंधरा मिनिटं काम, पंचेचाळीस सावली.
सावली म्हणजे बांधावरची एक बाभूळ,
तिच्याखाली मुकादमाची मोटरसायकल.
आणि दर हजार विटांवर.
तक्त्यात हजाराचा रकाना नाही.

विटा उलटत उलटत निलव्वा
कानडीत काहीतरी बोलली, न बघताच.
सातेरीनं मराठी केलं:
"ती म्हणतीया, तुझं यंत्र उभं का?
आमी तर दिसभर बसूनच."

पुस्तकात लिहिलंय, पोटाच्या उंचीवर धरा.
कुणाचं पोट, ते लिहिलेलं नाही.
मी पेच सैल केले, तिपाईच्या मांड्या दुमडल्या,
गोळा तिच्या खांद्याशी आणला,
जिथं जमीन आपलं ऊन परत वर फेकते
आणि वारा कमरेवरूनच निघून जातो.
वीस मिनिटं थांबलो.
मीही उकिडवा. चौथ्या मिनिटाला गुडघे बोलायला लागले.

सत्तावीस. सत्तावन्न. एक्केचाळीस.
चौतीस पूर्णांक चार.
दोन अंशांचा फरक, एवढ्याशा खाली बसण्यात.
फॉर्म कानडीत छापलेला, शिक्का इंग्रजी,
मी समासात मराठीत खरडलं: बसून.

वात सुकत आली होती.
पिशवीतून बाटली काढली, शुद्ध पाण्याची,
सुईनं थेंब थेंब सोडला चिंधीवर.
या खेपेला निलव्वानं वर बघितलं.
बराच वेळ.
"त्या चिंधीला पाणी चुकवत नाहीस," म्हणाली,
मराठीत, स्वच्छ. म्हणजे येत होती तिला.
मी बाटली पुढं केली, मग मागं घेतली.
या पाण्यात मीठ नसतं, चव नसते, असं काहीतरी
पुटपुटलो. तिची घागर बाभळीपलीकडं, मोटारीजवळ.
ती उठली नाही. ओळ अर्धी राहिली होती.

पुढचं वाचन दीडला.
काटे चढून थांबले होते, मी पेन उघडलं,
आणि तिचा रवळू, सहा-सात वर्षांचा,
कुठून तरी आला आणि गोळ्यासमोर उभा राहिला,
सूर्याकडं पाठ करून, हात पसरून.
"किती तापलाय," म्हणाला.
बोट नाही लावलं. नुसता उभा.
बाजूला हो, म्हणायला हवं होतं.
पारा हळूहळू उतरत गेला:
छप्पन्न, पंचावन्न, त्रेपन्न.
पोराच्या मानेवरून एक ओघळ
पाठीच्या पन्हाळीतून खाली निघालेला,
मी तोच बघत होतो.

वहीत नोंद आहे, दीडचं वाचन बाद.
कारणापुढं लिहिलंय: सावली.